बुगडीचा आकडा

तुषार अमृतकरला यंत्रांबद्दल ठाम मतं होती आणि ती तो कुणी न विचारताही सांगायचा. बारशाला गेला तरी पंगतीत शेजारी बसलेल्या काकांना समजावायचा की माणूस चुकतो तो कंटाळ्यानं, भीतीनं नाहीतर भिडेपोटी, आणि यंत्राला या तिन्हींपैकी काहीच होत नाही. काका बिचारे मठ्ठा मागवून विषय बदलायचे. घराबद्दलही त्याचं एक मत होतं. काम ऑफिसात, घर घरात. संध्याकाळी सातनंतर तो लॅपटॉपला हात लावत नसे. डोकं मात्र ऑफिसातच राहिलेलं असायचं, आणि नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या तीन खोल्यांत हे फक्त त्याच्या बायकोला, हर्षदाला कळायचं. पोळ्या लाटता लाटता ती पाठमोरीच म्हणायची, "आता ये घरी."

हर्षदा फुलबाग बालक मंदिरात छोट्या गटाला शिकवायची. चार-चार वर्षांची सव्वीस मुलं. चौदा वर्षं ती हेच करत होती आणि या चौदा वर्षांत तिनं कधी 'माझी नोकरी' म्हटलं नव्हतं. ती 'माझा वर्ग' म्हणायची. लेकीच्या, ओवीच्या वेळी बाळंतपणाची सगळी रजा न संपवता ती परत गेली होती, तेव्हा सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुपारी घरी आली. तुषार त्या दिवशी घरून काम करत होता. तिनं कानाच्या वरच्या कडेवरून एक छोटा चिमटा काढला, स्टीलच्या वाटीत ठेवला आणि म्हणाली, "एक्केचाळीस."

त्या चिमट्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'अवधान'. लोक त्याला बुगडी म्हणायचे, कारण बायका बुगडी घालतात तिथेच तो बसायचा. आणि ही बुगडी बनवणाऱ्या समाक्ष सिस्टिम्समध्ये तुषार पहिल्या वर्षापासून होता.

बुगडी काय करते हे त्यानं इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की ते त्याला झोपेतही आलं असतं. मेंदूत सतत विजेच्या बारीक लहरी चालू असतात. माणूस निवांत बसला की त्यातली एक संथ लहर जोर धरते, एखाद्या गोष्टीत गुंतला की ती दबते. डोळ्यांचंही तसंच. नजर इकडून तिकडे फिरते तेव्हा दर हालचालीला विजेचा एक ठोका उमटतो. नजर एका जागी खिळली की ते ठोके विरळ होतात, पापण्याही कमी लवतात. पूर्वी हे मोजायला डोक्याला वीस तारा चिकटवाव्या लागत. समाक्षनं ते कानाच्या कडेवर मोजून दाखवलं, टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन बिंदूंवरून.

पण लहरी मोजणं वेगळं आणि लक्ष मोजणं वेगळं. कुठल्या लहरी म्हणजे लक्ष, हे यंत्राला शिकवावं लागतं. ही बघ लक्ष देणाऱ्या माणसाची लहर, ही बघ न देणाऱ्याची, असे हजारो नमुने त्याच्यापुढे ठेवले की त्याला दोन्हींतला फरक सापडतो, आणि मग ते कुणाही माणसाला शून्य ते शंभर असा आकडा देऊ लागतं. हे शिकवण्याचं काम तुषारच्या टीमनं केलं होतं.

सुरुवातीला बुगडी ट्रक चालवणाऱ्यांच्या कानावर गेली आणि तिनं खरोखरच माणसं वाचवली. मग क्रेनवाल्यांच्या कानावर, मग घरून काम करणाऱ्यांच्या. पुढे कुठल्याशा शहरात पाळणाघरातलं एक मूल जिन्यावरून पडलं. सांभाळणारी बाई तेव्हा फोनमध्ये होती. मग शिक्षिकांच्या कानावरही बुगडी हवी असं पालकांनी लावून धरलं आणि वर्षा-दोन वर्षांत 'आमच्या शिक्षिकांचं अवधान सत्तरच्या वर' असं शाळांच्या फलकांवर यायला लागलं. फुलबागनं यंदा दिवाळीनंतर बुगडी आणली होती आणि नियमही केला होता. लागोपाठ तीन महिने सरासरी पासष्टच्या खाली आली, तर वर्ग काढून घेणार आणि ऑफिसात बसवणार, प्रवेशाचे अर्ज तपासायला.

त्या दुपारी तुषार जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. अगदी हळुवारपणे त्यानं विचारलं की झोप नीट होते ना, वर्गात मन लागतं ना. चौदा वर्षं तेच तेच केल्यावर कुणालाही कंटाळा येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. यंत्राला खोटं बोलायचं काही कारण नाही, एवढं शेवटी जोडलं.

हर्षदा ताटं घ्यायला वळली. तेवढ्यात दार वाजलं. नऊ वर्षांची ओवी शाळेतून आली, बूट काढले, दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि आत निघाली. ओट्याकडे तोंड करून हर्षदा म्हणाली, "कुणाशी भांडलीस गं?" ओवी थबकली आणि पुढच्या क्षणी आईच्या कमरेला मिठी मारून रडायलाच लागली. मैत्रिणीनं डबा खायला शेजारी बसू दिलं नव्हतं. तुषारला दप्तर ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. तो एक्केचाळीसचा आकडा आणि हर्षदाचं हे ओळखणं यांचा एकमेकांशी संबंध असेल हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

नोव्हेंबरची सरासरी चाळीस आली आणि डिसेंबरही तसाच चालला होता. हर्षदा काही बोलायची नाही, पण तो घरून काम करत असेल त्या दुपारी वाटीत बुगडी ठेवल्याचा टण्‌ आवाज यायचा आणि त्या आवाजावरून तुषारलाही आकडा कळायला लागला. शेवटी त्याला एक समाधान देणारा विचार सुचला. चिमटाच बिघडलेला असेल. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मुख्याध्यापिका डहाळे मॅडमची परवानगी काढली आणि फोनवर तिचा चालू आकडा उघडून वर्गाच्या कोपऱ्यात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला.

वर्गात सव्वीस मुलं म्हणजे बाजार भरलेला. हर्षदा खाली बसून एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. बांधता बांधताच मान न वळवता म्हणाली, "जुई, तोंडातून मणी काढ आणि डबीत टाक." तिच्या पाठीमागे, दहा फुटांवर, दोन वेण्या घातलेल्या जुईनं ओशाळून मणी काढला. हर्षदानं नाडी बांधून दुसऱ्याच एका मुलाला शूला पाठवलं. त्यानं काही म्हटलं नव्हतं, फक्त पाय बदलून उभा होता. गाणं म्हणता म्हणता तिनं दोन मुलांच्या मधोमध जाऊन बसकण मारली आणि उद्या होणारं भांडणसुद्धा तिथेच मिटवून टाकलं. फोनवर आकडा होता अडतीस. चिमटा उत्तम चालत होता.

मधल्या सुट्टीत तो शेजारच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहिला. तिथल्या नव्या बाई एका मुलीच्या वहीकडे टक लावून बसल्या होत्या. मागे दोघं एकमेकांच्या केसांत माती भरत होते. दारावरच्या पाटीवर आकडा चमकत होता, ब्याऐंशी.

तुषारनं फोन खिशात टाकला. त्याला आठ वर्षांपूर्वीचा एक शनिवार आठवला.

सोमवारी पहिल्या मोठ्या गिऱ्हाईकापुढे डेमो होता आणि यंत्राला शिकवायला नमुनेच नव्हते. ज्या हॉस्पिटलकडून मिळायचे होते त्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. मग तुषारनंच तोड काढली. ऑफिसातल्या चाळीस इंजिनियरांना शनिवारी बोलावलं, मिसळीचं आमिष दाखवून. प्रत्येकाच्या कानाला चिमटे लावले आणि प्रत्येकापुढे एकेक प्रोग्राम ठेवला. त्यात एक चूक लपवलेली होती. ज्याला चूक सापडली त्याचं लक्ष होतं. ज्याला सापडली नाही त्याचं नव्हतं. किती सोपी, किती स्वच्छ व्याख्या, असं म्हणून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. आणि त्यानं प्रोग्रामच्या माथ्यावर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती: 'तात्पुरतं. डेमो झाला की खरे नमुने भरायचे.'

डेमो झाला. पुढच्या सोमवारी दुसरा होता. ज्यांनी असल्या ऑफिसात काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. तात्पुरतं म्हणून जे ठेवतात तेच तिथे कायमचं राहतं. नंतर जगभरातून लाखो नमुने आले, पण त्यांना 'लक्ष आहे', 'लक्ष नाही' अशी चिठ्ठी लावली ती त्या शनिवारच्या यंत्रानंच. म्हणजे बुगडीच्या लेखी लक्ष या शब्दाचा एकच अर्थ होता: तिशीतला इंजिनियर पडद्यावरची चूक शोधताना जसा दिसतो तसं दिसणं. चिमटे लावलेल्या त्या चाळीस जणांत एकालाही तेव्हा मूल नव्हतं; घरी वर्षाची ओवी असलेला तुषार चिमटे लावणाऱ्यांत होता. सव्वीस मुलांकडे एकाच वेळी पाहणारी बाई कशी असते, हे त्या बिचाऱ्या यंत्रानं कधी पाहिलंच नव्हतं. तिची नजर सतत फिरते, कान सगळीकडे असतात, ती कशातच अडकत नाही. बुगडीच्या दृष्टीनं ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

ऑफिसात जाऊन त्यानं सर्व्हरवरचे जुने कप्पे उघडले. ती ओळ जागच्या जागी होती, त्याच्या नावानिशी. पण त्या शनिवारचे मूळ नमुने नव्हते. चाळीस जणांनी तीन वर्षांपुरती संमती दिली होती आणि मुदत संपली की सगळ्या प्रतींसकट सगळं पुसून टाकणारा प्रोग्राम होता. तो इतका चोख होता की एकही प्रत कुठे मागे राहिली नाही. तोही तुषारनंच लिहिला होता.

शलाका वर्तक आता त्याची साहेब होती. दोघं एकाच वर्षी लागलेले, त्या शनिवारी तिच्याही कानाला चिमटा होता. तुषारनं तासभर सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि हेच त्याला जास्त जड गेलं. ती म्हणाली की तू म्हणतोस ते बहुतेक खरंच आहे. पण यंत्राला सरकारी प्रमाणपत्र आहे ते या शिकवणीसकट आहे. शिकवणी बदलली की प्रमाणपत्र रद्द, आणि ते रद्द झालं की ट्रकवरच्या, क्रेनवरच्या लाखो बुगड्या त्याच दिवशी बंद. नवीन अभ्यास करायचा तर दोन हजार शिक्षिका आणि किमान दोन वर्षं लागतील.

"आणि तोपर्यंत ज्यांचे वर्ग जातील त्यांचं काय?" तुषारनं विचारलं.

"पुरावा दे तुष. मी स्वतः वर घेऊन जाते. पण 'माझ्या बायकोचा आकडा कमी येतोय' हा पुरावा नाही."

तिनं त्याच्यासाठी एवढं केलं की माहितीपुस्तिकेत एक ओळ घातली. पान एकशे बारावर, 'विखुरलेल्या अवधानाच्या बाबतीत अचूकता मर्यादित असू शकते.' तुषारनं केलेल्या तक्रारीपुढे 'माहीत असलेली मर्यादा' असा शेरा पडला आणि ती बंद झाली. असा शेरा मारून तुषारनं स्वतः आजवर शेकडो तक्रारी बंद केल्या होत्या.

तो डहाळे मॅडमकडे गेला. त्यांनी चहा मागवला, पान एकशे बारा चष्मा लावून वाचलं. बाई वाईट नव्हत्या. हर्षदा त्यांच्या शाळेतली सगळ्यात चांगली शिक्षिका आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. "पण अमृतकर साहेब, मी पालकांना काय सांगू? बुगडी बनवणारे म्हणतात की बुगडी चुकते, पण फक्त त्यांच्या मिसेसच्या बाबतीत? कंपनीच्या कागदावर लिहून आणा, मी आज नियम बदलते." तसा कागद कंपनी देणार नव्हती. एका वर्तमानपत्रालाही त्यानं लिहून पाहिलं. तिथून आकडेवारी पाठवा असं उत्तर आलं.

मग एकच वाट उरली, आणि ती तो आजवर तोंडानं उच्चारतही नसे. रविवारी सकाळी ओवी चित्रकलेच्या क्लासला गेल्यावर त्यानं वाटीतली बुगडी घेतली आणि आतला आकडा बदलता येतो का ते पाहिलं. जंग जंग पछाडलं. दुपारचं जेवण झालं, चार वाजले. बुगडीच्या कुलपाला केसभरही फट नव्हती. ते कुलूप त्याच्याच टीमचं, त्याबद्दल मिळालेली ट्रॉफी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी होती. आपलं काम चांगलं झालं याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी त्यानं हर्षदाला सगळं सांगितलं. शनिवार, मिसळ, चाळीस इंजिनियर, ती ओळ. पहिल्या दिवशी आपण काय बोललो होतो तेही आठवण करून सांगितलं आणि माफी मागितली. ती तांदूळ निवडत होती. एकेक खडा वेचत राहिली. त्याला वाटलं आता रडेल किंवा रागावेल. दोन्ही चाललं असतं.

"म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तरी वर्ग जाणार."

तुषारनं मान खाली घातली. तिनं ताट बाजूला सारलं. "मग मला शिकव. तुमच्या त्या चाळीस जणांसारखं बघायला."

तो नको म्हणाला. म्हणजे दोनदा म्हणाला. पण दुसरं काही हातात नसताना नको तरी किती वेळा म्हणणार? आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. महिनाभर नुसता हात चोळत बसलेल्या माणसाला निदान काहीतरी करायला मिळालं होतं.

नाताळच्या सुट्टीपासून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. बुगडी सरावाच्या सेटिंगवर टाकायची, तुषारनं प्रोग्रामचं एक पान समोर ठेवायचं आणि त्यातला चुकलेला स्वल्पविराम हर्षदानं शोधायचा. पहिल्या दिवशी ती मध्येच म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आकडा धाडकन खाली आला. मग दूध तो स्वतः बघू लागला. मग शेजारच्यांची लिफ्ट, खालच्या कुत्र्याचं भुंकणं, ओवीचं गुणगुणणं, एकेक करून सगळं तिला सोडायला शिकवलं. एका जागी बघ. बाकीचं तुझं नाही. पापणी लवू देऊ नकोस. आवाज आला तर तो आला असं म्हणू नकोस. ओवीला या सगळ्याची गंमत वाटायची. ती आईच्या मागे उभी राहून माकडासारखी तोंडं करायची आणि आई वळून बघायची. मग हळूहळू वळेनाशी झाली. बावन्न. त्रेसष्ट. एकाहत्तर झाले तेव्हा तिघांनी मिळून आइस्क्रीम खाल्लं.

जानेवारीची सरासरी सहासष्ट आली. सलग तिसरा महिना टळला, वर्ग राहिला. डहाळे मॅडमनी सगळ्या शिक्षिकांसमोर तिचं कौतुक केलं. फेब्रुवारीत अठ्ठ्याहत्तर. हर्षदा आता वर्गात एकेका मुलापुढे बसायची, त्याच्या वहीत नजर रोवायची, पाच मिनिटं झाली की पुढच्या मुलाकडे जायची. दारावरच्या पाटीकडे पाहून पालक खूश होऊन जायचे. घरी ती दमलेली यायची, पण आता वाटीत बुगडी ठेवताना आवाज होत नसे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती एकदा उशिरा आली. पर्स न काढताच सोफ्यावर बसून राहिली. तुषारनं पाणी दिलं. जुईला सकाळपासून ताप होता, तिनं सांगितलं. मुलगी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, कुणाला काही बोलली नाही. शाळा सुटल्यावर आईनं उचलून रिक्षात घातलं आणि रिक्षातच तिला झटका आला. आता हॉस्पिटलमध्ये होती, ताप उतरला होता, डॉक्टरांनी घाबरण्यासारखं नाही म्हणून सांगितलं होतं. हर्षदा तिला बघूनच आली होती.

"कुणी काही बोललं तुला?" तुषारनं विचारलं.

"नाही ना. रेकॉर्ड काढलं डहाळे मॅडमनी. सकाळभर चौऱ्याऐंशी होते माझे. जुईचे बाबाच मला म्हणाले, ताई, तुमचा काही दोष नाही, आम्ही पाहिलं." ती हसल्यासारखं करून थांबली. "मी तिच्या शेजारून तीन वेळा गेले असेन, तुषार. पूर्वी मला तापाचा वास यायचा."

तो तिच्याजवळ बसला. म्हणाला, सोड हे सगळं. आकडा गेला खड्ड्यात. पूर्वीसारखी वाग, वर्ग काढून घेतात तर घेऊ देत. मनापासून बोलत होता. हर्षदानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि अर्ज तपासत बसू? भिंतीपलीकडून मुलांचा आवाज ऐकत? आत तरी आहे मी अजून." मग पर्स बाजूला ठेवत म्हणाली, "आणि पूर्वीसारखी म्हणजे कशी, ते तू मला सांग. आज हॉस्पिटलमधून येताना रस्ताभर प्रयत्न केला. पूर्वी काही करावंच लागत नव्हतं रे. आपोआप व्हायचं."

 एखाद्या कामाचा सराव कसा करायचा हे तुषारनं तिला शिकवलं होतं. सरावानं गेलेलं परत कसं आणायचं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. तो तिचा हात धरून बसून राहिला.

जुई आठवड्यानं शाळेत आली. परीक्षा आल्या, उन्हं वाढली. कुलर काढून पुसून खिडकीत बसवला. घर वरवर होतं तसंच चाललं होतं, आणि माणूस अशा वेळी सगळं ठीक आहे असं स्वतःला सांगतोच. तुषारनं तर कंपनीनं देऊ केलेली बढतीही नाकारली नाही. शलाकानं नव्या अभ्यासाचा प्रस्ताव वर पाठवला होता, पुढच्या वर्षी त्यावर विचार होणार होता.

एप्रिलमधला एक शनिवार. दुपारचे चार वाजले होते. दोघं टेबलाशी चहा पीत होते आणि तुषार तिला त्या प्रस्तावाबद्दल सांगत होता. हर्षदा ऐकत होती. दोन्ही हात कपाभोवती, नजर थेट त्याच्या चेहऱ्यावर. लग्नाला बारा वर्षं झाली होती, इतक्या एकाग्रतेनं तिनं त्याचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी निम्मं ऐकायची, हातात काहीतरी निवडत नाहीतर घड्या घालत, आणि तरी त्यानं न सांगितलेलंच नेमकं तिला कळायचं. आता ती पापणीही न लववता पाहत होती. सकाळी शाळेची बैठक होती, त्यामुळे बुगडी अजून कानावरच होती. टेबलावरच्या त्याच्या फोनवर आकडा उजळला. एक्याण्णव.

दार उघडलं. ओवी शनिवारच्या क्लासहून आली. तिनं चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली. नेहमीसारखी आपटली नाही, सावकाश ठेवली. हे तुषारला दिसलं, आणि दिसलं याचंच त्याला नवल वाटलं. ती कुणाकडे न बघता आत गेली. खोलीचं दार लावल्याचा आवाज आला, तोही हळू.

तुषार बोलायचा थांबला. तो वाट बघू लागला. आता ही म्हणेल, काय झालं गं. मान न वळवता, सहज, जसं नेहमी म्हणायची तसं.

हर्षदा त्याच्याकडे पाहत होती. "मग? पुढे काय म्हणाली शलाका?" तिनं विचारलं.

तो उठला. आतल्या दाराशी गेला, टकटक केली, दार उघडलं. ओवी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या शेजारी कसं बसायचं, कुठून सुरुवात करायची, हे त्याला सुचेना. तिला काय आवडतं आणि काय लागतं हे त्याला नेहमी हर्षदाकडूनच कळत आलं होतं.

"ओवी, काही झालंय का बाळा?"

"काही नाही, बाबा."

तो तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. खूप वेळ, अगदी एका जागी नजर लावून बघत राहिला. बाहेर हर्षदानं कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. ओवी खरं बोलत होती की खोटं, हे ओळखणारं त्या घरात आता कुणी उरलं नव्हतं.